वळवाच्या मागावर निघताना गाडीतील इंटरनेट: सोलापूर परिसरासाठी मांडणी

वळवाच्या ढगांचा माग काढताना गाडीत लागणारे इंटरनेट फार वेगवान असण्याची गरज नसते. रडारचे एक चित्र, विजांच्या नोंदींचा नकाशा, हवामान विभागाचा तीन तासांचा ताजा अंदाज (नाउकास्ट) आणि घरी पाठवायचा एखादा संदेश, एवढ्यासाठी सेकंदाला एक मेगाबिटचा वेग सातत्याने मिळाला तरी काम भागते. खरी गरज असते ती जोडणी ऐन वेळी टिकून राहण्याची, आणि ती तुटते नेमकी ऐन वेळीच, कारण ज्या ढगाच्या मागे आपण निघालेलो असतो तोच ढग गावाची वीज घालवतो, मोबाइलच्या मनोऱ्यांमधील दुवे कमकुवत करतो आणि लोकांना एकाच वेळी फोन हातात घ्यायला लावतो. त्यामुळे जास्त वेग विकत घेण्याच्या मागे न लागता एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन-तीन मार्ग गाडीत उभे करणे, आणि सगळेच तुटले तरी हाती काही उरेल अशी तयारी ठेवणे, हे या मांडणीचे सूत्र आहे.

सोलापूरचा परिसर या छंदाला अनुकूल आहे. माळरान मोकळे असल्यामुळे ढगाचा पाया दुरून दिसतो, आणि पुणे-हैदराबाद मार्गावरील राष्ट्रीय महामार्ग ६५, तुळजापूर आणि विजयपूर या दोन्ही बाजूंना जाणारा ५२, मंगळवेढा-सांगोल्याकडे जाणारा १६६ अशा रस्त्यांमुळे कोणत्याही दिशेला डांबरावरूनच निघता येते. हंगाम मात्र केवळ एप्रिल-मेपुरता नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने सोलापूरसह महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतील बागा झोडपल्या होत्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसातही मेघगर्जनेची वादळे होतात. तयारी करायची तर ती पहिल्या अवकाळीच्या आधी, म्हणजे जानेवारीतच पुरी करून ठेवावी.

जोडणी का तुटते

उपकरणांकडे वळण्यापूर्वी कारणे समजून घेणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे आणि महागडा अँटेना त्यांतल्या एकाच कारणावर चालतो.

पहिले कारण अंतर आणि आडोसा. मोबाइलच्या खालच्या वारंवारता, म्हणजे ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ, लांबवर पोहोचतात. १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झ त्यांच्यापेक्षा कमी अंतर कापतात, तर ५जीसाठी वापरला जाणारा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा मनोऱ्याच्या आसपासच उपयोगी पडतो. सोलापूर शहरात चांगले चालणारे ५जी नान्नजच्या माळरानापर्यंत तसेच येईल असे मानू नये. तुळजापूरचा घाट, नळदुर्गचा परिसर आणि बार्शीहून येडशीकडे जाताना लागणाऱ्या बालाघाटच्या टेकड्या येथे अंतर कमी असूनही डोंगराच्या आडोशामुळे संकेत (सिग्नल) क्षीण होतो, आणि तिथे चार-दोनशे मीटर पुढे जाऊन उंचावर थांबणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

दुसरे कारण अनेकांना चकवते. फोनवर संकेताच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण एकही पान उघडत नाही. गाडी आणि मनोरा यांच्यातल्या लहरींवर पावसाचा परिणाम जवळजवळ होत नाही, कारण ८५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटीमीटर असते आणि तिच्यापुढे पावसाचा थेंब नगण्य आहे. परंतु ग्रामीण भागातील अनेक मनोरे फायबरने जोडलेले नसून मायक्रोवेव्हच्या गोल तबकड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. त्या दुव्यांसाठी १५, १८ किंवा २१ गिगाहर्ट्झ अशा वारंवारता वापरल्या जातात, त्यांची तरंगलांबी दीड-दोन सेंटीमीटरच असते आणि मुसळधार पाऊस ती ऊर्जा शोषतो व विखुरतो. आपल्या डोक्यावर ऊन असताना दहा किलोमीटरवरील पावसाची सर दोन मनोऱ्यांच्या मधोमध उभी असेल, तर आपले इंटरनेट तिथे तुटलेले असते. अशा वेळी अँटेना फिरवून किंवा राउटर पुन:पुन्हा बंद-चालू करून काही होत नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर जावे किंवा सर पुढे सरकेपर्यंत थांबावे.

तिसरे कारण विजेचे. वादळी वारा सुटला की फीडर, म्हणजे गावाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद पडतो किंवा सुरक्षिततेसाठी बंद केला जातो, आणि मनोरा आपल्या बॅटऱ्यांवर येतो. त्या काही तास टिकतात. पुढे डिझेल जनित्र असेल आणि त्यात डिझेल असेल तर सेवा चालते, नाहीतर मनोरा मुका होतो. म्हणूनच वादळ येऊन गेल्यानंतर, रात्री परतताना, जाताना चांगले असलेले नेटवर्क नाहीसे झालेले आढळते.

चौथे कारण गर्दी. स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्रात, ऐन वळवाच्या दिवसांत येते आणि त्या दिवशी अक्कलकोटमध्ये मनोरे भाविकांच्या फोननी भरून जातात. परतीच्या पावसाच्या काळात नवरात्र आणि कोजागरी येतात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी तो रस्ता वाहनांना बंदच केला जातो, त्यामुळे त्या दिवसांत मोहीम पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे आखावी.

दोन सिम, पण कोणती

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्यावीत, हा सल्ला सगळेच देतात, पण तो अपुरा आहे. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांची उपकरणे अनेक ठिकाणी इंडस टॉवर्स या मनोरे भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या एकाच मनोऱ्यावर बसवलेली असतात. त्या मनोऱ्याची वीज गेली की दोन्ही एकदम जातात. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून विहिरीचे पाणी दुप्पट होत नाही, तसेच हे आहे. जिओचे मनोरे बहुतांशी वेगळ्या व्यवस्थेतील असल्यामुळे जिओ आणि एअरटेल ही जोडी व्यवहारात अधिक स्वतंत्र ठरते, आणि तिसरे सिम बीएसएनएलचे असल्यास उत्तमच. या तिसऱ्या सिमचा आणखी एक फायदा आहे. जिओची सेवा केवळ ४जी आणि ५जीवर चालते, तर एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल यांचे २जी अजून चालू आहे. डेटा पूर्णपणे गेला तरी २जीवरून साधा एसएमएस जाऊ शकतो, आणि "मी नळदुर्गच्या अलीकडे सुरक्षित आहे" एवढे कळवायला एसएमएस पुरेसा असतो.

कोणत्या गावाजवळ कोणाचे नेटवर्क आहे हे कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील व्याप्ती-नकाशांत पाहता येते. ते नकाशे प्रसिद्ध करणे ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना बंधनकारक केले आहे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आसपासचे मनोरेही शोधता येतात. तरीही स्वतःची वही ठेवणे हेच माझ्या मते अधिक भरवशाचे. आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर कोरड्या दिवशी एकदा फिरून यावे आणि कोणत्या फाट्यावर, कोणत्या चढावर, कोणत्या सिमला चांगला संकेत मिळतो ते लिहून ठेवावे, म्हणजे वादळाच्या दिवशी थांबण्याची जागा शोधत बसावे लागत नाही.

एकाच फोनमध्ये दोन सिम घालून निघणे पुरेसे नाही. सर्वसाधारण ड्युअल-सिम फोन एका वेळी एकाच सिमवरून डेटा चालवतो आणि बदल सहसा हाताने करावा लागतो. दोन वेगळी उपकरणे असावीत, म्हणजे एक तापून बंद पडले तरी दुसरे उरते.

राउटर आणि छतावरचा अँटेना

अधूनमधून, हौसेपुरते जाणाऱ्याला दोन फोनचे हॉटस्पॉट पुरतात, आणि त्याने राउटरवर खर्च करू नये असे मला वाटते. दर आठवड्याला बाहेर पडणाऱ्याने मात्र १२ व्होल्टवर चालणारा, बाह्य अँटेना जोडता येणारा ४जी राउटर घ्यावा. घेताना वेगाचे आकडे पाहण्याऐवजी तो कोणते बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, पकडतो ते तपासावे. जिओसाठी बँड ३, ५ आणि ४०, एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४०, तर बीएसएनएलच्या ४जीसाठी १ आणि २८ हे बँड लागतात. युरोपसाठी बनवलेल्या काही राउटरांत बँड ५ नसतो. असा राउटर शहरात उत्तम चालतो आणि माळरानावर, जिथे जिओचा ८५० मेगाहर्ट्झचाच आधार असतो, तिथे कुचकामी ठरतो. नवी पेठेतल्या दुकानात किंवा ऑनलाइन घेताना खोक्यावर बँडची यादी नसेल तर ते उपकरण घेऊ नये.

गाडीचे पत्र्याचे छत लहरींना अडवते, त्यामुळे आत ठेवलेल्या राउटरपेक्षा छतावरच्या अँटेनाला संकेत चांगला मिळतो. चुंबकाच्या बैठकीचे दोन अँटेना घ्यावेत, कारण ४जी राउटर दोन अँटेनांतून एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह घेऊ शकतो, आणि ते एकमेकांपासून निदान अर्धा मीटर अंतरावर लावावेत. साध्या उभ्या अँटेनाला खाली पत्र्याचा सपाट पृष्ठभाग लागतो. तो पत्राच अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणून काम करतो. त्यामुळे अँटेना छताच्या मध्याजवळ बसवावा. छताच्या कडेला, सनरूफच्या काचेवर किंवा सामानाच्या कॅरिअरवर नको. जाहिरातीत नऊ किंवा बारा डीबीआय (अँटेनाच्या लाभाचे, म्हणजे ऊर्जा एकवटण्याच्या क्षमतेचे माप) असे आकडे पाहून भुलू नये, कारण जास्त लाभाचा अँटेना ऊर्जा आडव्या, अरुंद पट्ट्यात दाबतो, आणि चढ-उतारावर गाडी कलली की मनोरा त्या पट्ट्याबाहेर जातो. तीन ते पाच डीबीआयचा सर्वदिशा अँटेना चालत्या गाडीला अधिक योग्य.

अँटेनापेक्षाही जास्त नुकसान केबल करते, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होते. स्वस्त चुंबकी अँटेनांबरोबर येणारी आरजी-१७४ जातीची बारीक केबल २ गिगाहर्ट्झच्या आसपास दर मीटरला एक डेसिबलहून अधिक गमावते; तीन मीटर केबल असेल तर राउटरपर्यंत निम्म्याहून कमी शक्ती पोहोचते. एलएमआर-२०० जातीची केबल त्याच्या निम्म्याहूनही कमी नुकसान करते. केबल जितकी आखूड तितकी बरी, उरलेल्या केबलचे वेटोळे सीटखाली कोंबून ठेवणे म्हणजे विकत घेतलेला लाभ वाया घालवणे. जोडणीचा प्रकारही पाहावा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन्ही कनेक्टर दिसायला सारखे असतात, एकमेकांवर फिरूनही बसतात, पण आतली पिन जुळत नाही आणि संकेत मिळत नाही.

केबल मागच्या दाराच्या रबरी पट्टीतून आत घ्यावी आणि दाराशी येण्यापूर्वी तिला बाहेरच्या बाजूने खाली थोडा झोळ द्यावा. पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते. नाहीतर केबलच्या आधाराने ते सरळ गाडीत उतरते.

मांडणी झाल्यावर ती मोजून पाहावी. राउटरच्या आतल्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे दिसतात. आरएसआरपी, म्हणजे संकेताच्या ताकदीचा आकडा, उणे ९० डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर संकेत भक्कम. उणे ११० च्या खाली गेला तर अशक्त. एसआयएनआर म्हणजे संकेत गोंगाटाच्या किती वर आहे त्याचे माप. ते दहाच्या वर असल्यास निश्चिंत राहावे, शून्याखाली गेल्यास दांड्या कितीही दिसोत, काम होत नाही. ज्ञात अशक्त जागी गाडी उभी करून, तोच बँड ठेवून, अँटेना आत आणि छतावर अशा दोन्ही स्थितींत हे आकडे लिहून घ्यावेत. फरक पडत नसेल तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असतो.

वीज आणि उष्णता

गाडीतील १२ व्होल्टचा पुरवठा दिसतो तितका स्थिर नसतो. इंजिन सुरू करताना तो क्षणभर नऊ-दहा व्होल्टपर्यंत घसरतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. ढग पाहण्यासाठी वारंवार थांबणाऱ्या माणसाला हे फार छळते. यावर दोन उपाय आहेत. एक, कमी-जास्त व्होल्टेज घेऊन स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवणे. दुसरा, अधिक सोपा, म्हणजे राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे पुरवठा तुटला तरी चालू ठेवणारी बॅटरी, ठेवणे आणि तो लायटर सॉकेटवर चार्ज होत ठेवणे. बहुतेक गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होते, तेव्हाही राउटर चालू राहतो. पॉवर बँक वापरायची असल्यास हिशेब असा: २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने सुमारे ७४ वॉट-तास, त्यातले रूपांतरात गळून पन्नासेक हाती लागतात, आणि सात-आठ वॉट खाणारा राउटर त्यावर सहा-सात तास चालतो. मात्र १२ व्होल्ट देणारी पॉवर बँक आहे ना, हे खात्रीने पाहावे. कित्येक बँका ९ नंतर थेट १५ व्होल्ट देतात.

सॉकेटला सहसा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. लॅपटॉपचा चार्जर, राउटर आणि दोन फोन एकाच स्वस्त फाट्यावर लावले की तो उडतो. जास्त भार असेल तर गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून वेगळी जोडणी ओढून घ्यावी आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवून घ्यावा. फ्यूजविना ओढलेली वायर घासून उघडी पडली तर गाडी पेटू शकते, म्हणून इथे काटकसर नको.

उष्णता हा सोलापूरच्या उन्हाळ्यातला वेगळा विषय आहे. पारा ४२-४३ अंशांवर असताना उन्हात बंद उभी राहिलेली गाडी आतून साठ अंशांपर्यंत तापू शकते, आणि फोन मात्र साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. डॅशबोर्डवर हॉटस्पॉट चालवत, चार्ज होत, उन्हात ठेवलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग पडदा मंद करतो आणि शेवटी बंद पडतो. फोन एसीच्या झरोक्यासमोर धरकात लावावा, राउटर पुढच्या सीटखाली हवा खेळेल असा ठेवावा, आणि पॉवर बँक गाडीत विसरून जाऊ नये.

सेटिंग: करायच्या थोड्या गोष्टी

शहराबाहेर पडल्यावर फोन आणि राउटर ४जीवर बांधून ठेवावेत. ५जी आणि ४जी यांच्या सीमेवर उपकरण सतत इकडून तिकडे उड्या मारते, त्यात जोडणी तुटते आणि बॅटरीही जाते. राउटरमध्ये बँड निवडण्याची सोय असल्यास माळरानावर खालचा बँड पक्का करावा आणि शहरात परतल्यावर पुन्हा मोकळा करावा. एपीएनच्या, म्हणजे मोबाइल इंटरनेट जोडणीच्या, सेटिंगच्या पानावर इंटरनेट पत्त्याचा प्रकार आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असा दोन्ही ठेवावा. जिओच्या बाबतीत केवळ आयपीव्ही४ ठेवल्यास काही राउटर जोडले गेल्यासारखे दिसतात पण चालत नाहीत. अक्कलकोटच्या पुढे इंडी-अफजलपूरकडे किंवा टाकळीच्या पुढे विजयपूरकडे गेल्यावर उपकरण कर्नाटक सर्कल (कंपनीचा कर्नाटकातील सेवा-विभाग) पकडते. देशांतर्गत रोमिंगला जादा पैसे पडत नाहीत, पण राउटरमध्ये डेटा रोमिंग मुळात बंद ठेवलेले असते आणि ते तसेच राहिले तर सीमा ओलांडताच इंटरनेट जाते. ते घरूनच चालू करावे.

दोन सिमच्या राउटरमध्ये आपोआप बदल करण्याची सोय असते. ती केवळ संकेत गेल्यावर नव्हे, तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) जाईनासा झाल्यावर बदल करील अशी लावावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे मायक्रोवेव्ह दुवा तुटला की संकेत शाबूत आणि इंटरनेट मृत अशी स्थिती येते. दोन वेगवेगळे पत्ते तपासायला द्यावेत आणि तीन-चार वेळा उत्तर न आल्यावरच बदल होऊ द्यावा, नाहीतर राउटर उगाच हेलकावे खात राहतो.

फोटोंचा क्लाउड बॅकअप, व्हॉट्सअॅपवरील चित्रफितींचे आपोआप उतरणे, अॅपचे अपडेट हे सगळे बंद करावे. लॅपटॉपवर ही जोडणी मोजक्या डेटाची आहे असे नोंदवावे. अशक्त जोडणीवर रडारचे चित्र न येण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की मागे फोन शंभर फोटो वर चढवत असतो. अमर्याद ५जीच्या योजना बहुधा फोनमधील वापरापुरत्या असतात, तेव्हा सिम राउटरमध्ये घालण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

चित्र किती जुने आहे

इंटरनेट चालू असण्याइतकेच हाती आलेली माहिती ताजी असणे महत्त्वाचे आहे. हवामान विभागाच्या रडार आणि उपग्रह चित्रांवरील वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. ०९:३० यूटीसी म्हणजे आपले दुपारचे तीन. ब्राउझर अशक्त जोडणीवर मागचेच साठवलेले चित्र निमूटपणे दाखवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी चित्रावरची वेळ वाचावी, मग ढग पाहावा. रडारची चित्रे दर दहा मिनिटांच्या आसपास बदलतात आणि तेवढ्या वेळात वेगवान वादळ पाच-सात किलोमीटर सरकलेले असते.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांच्या प्रयोगांसाठी सोलापुरात सी-बँड रडार बसवले होते. जवळच्या रडारचे चित्र हाती नसेल आणि हैदराबादच्या रडारवर विसंबावे लागले, तर ते सोलापूरपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे हे ध्यानात ठेवावे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर त्याचा सर्वांत खालचा किरणही साडेसहा किलोमीटरहून उंचावरून जातो, म्हणजे ढगाचा माथा दिसतो आणि पोट दिसत नाही. म्हणूनच या भागात मी रडारपेक्षा विजांच्या नोंदींना अधिक महत्त्व देतो. आयआयटीएमचे दामिनी हे अॅप आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांतील विजा दाखवते, आणि त्याला डेटा फार लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत अॅपही घेऊन ठेवावे.

निघण्यापूर्वी सोलापूर, धाराशिव, लातूर, विजयपूर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचे नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवावेत. काळ्या मातीच्या रानातली कच्ची वाट दोन सरींनंतर गाडीला धरून ठेवते, तेव्हा परतीचे डांबरी रस्ते आणि ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल नकाशावर खुणा करून ठेवणे फायद्याचे. घरच्यांना व्हॉट्सअॅपवर आठ तासांसाठी चालू ठिकाण पाठवावे आणि ते मध्येच थांबले तर किती वेळ वाट पाहून फोन करायचा हेही ठरवावे.

इंटरनेटविना चालणारे एक साधन आवर्जून न्यावे: मध्यम लहरी पकडणारा जुना ट्रान्झिस्टर. केंद्र नसलेल्या जागेवर काटा ठेवला की प्रत्येक विजेसरशी खरखर ऐकू येते, आणि खरखरीची गती वाढली की वादळ जोर धरत आहे किंवा जवळ येत आहे हे कळते.

कायद्याच्या बाजू

बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणे बेकायदेशीर आहे, आणि ते मनोऱ्याकडे गोंगाट पाठवून इतरांचीही सेवा बिघडवतात. राउटरला जोडलेला साधा अँटेना या वर्गात मोडत नाही. परदेशातून आणलेले उपग्रह फोन आणि उपग्रह संदेशक विनापरवाना बाळगणे हाही गुन्हा आहे. गाडी चालवताना फोन हातात धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येते. पडदे पाहण्याचे काम शेजारी बसणाऱ्याचे, आणि एकट्याने निघाल्यास गाडी उभी केल्याशिवाय पडद्याकडे पाहू नये.

ढग जवळ आल्यावर

पत्र्याची बंद गाडी विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते, ते टायरच्या रबरामुळे नव्हे, तर प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून वाहून जातो म्हणून. छतावरून आत येणारी अँटेनाची केबल या कवचाला पडलेले भोक आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. त्यानंतर अँटेना काढायला बाहेर उतरू नये, आणि केबलला, राउटरला किंवा चार्जिंगच्या तारेला हातही लावू नये. ढगाच्या जवळून जावे लागणार असेल तर अँटेना त्याआधीच उतरवून आत ठेवावा आणि त्या अर्ध्या तासापुरते फोनच्या स्वतःच्या संकेतावर भागवावे. गारा सुरू झाल्यास उड्डाणपुलाखाली रस्त्यात थांबू नये, मागून येणाऱ्या ट्रकला पावसात उभी गाडी दिसत नाही. दुचाकीवरून हा छंद करूच नये. अडचण आलीच तर ११२ हा क्रमांक उपलब्ध असलेल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो.

ढग पुढे गेल्यावर लगेच चित्रफिती वर चढवण्याचा मोह होतो. तिथला मनोरा त्या वेळी बहुधा बॅटरीवर असतो आणि गावातले लोक वायरमनला, नातेवाइकांना, दवाखान्याला फोन लावत असतात. त्या मनोऱ्यावर आपली दोन जीबीची चित्रफीत लादू नये. गारांचे आकारमान, वेळ आणि ठिकाण एवढा मजकूर पाठवावा, सोबत कमी आकाराचे एखादे छायाचित्र, आणि बाकीचे सगळे घरच्या फायबरवरून चढवावे.